रुग्ण सीमा ओलांडतो तेव्हा बिल कोणाच्या खिशात असते?

फोंड्याच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने विचारले आहे: "वादविवाद स्पर्धेचा विषय आहे 'सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा हीच योग्य'. शेजारी देशांची उदाहरणे द्यायची आहेत. श्रीलंका आणि भूतानमध्ये उपचार मोफत आहेत, बांगलादेशात लोक खिशातून भरतात. कॅनडा आणि अमेरिका यांच्यातही असाच फरक आहे म्हणतात. तुम्ही सरकारी आणि खासगी दोन्हीकडे काम केले आहे. यातले चांगले कोणते? आणि गोव्याने काय घ्यावे?"

बाय, आधी माझे मत सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना तुला अंदाज घेत बसावे लागणार नाही. मोठ्या आजारासाठी सरकारी इस्पितळ हवेच आणि त्याच्या दारात पैसे मागता कामा नयेत. चौतीस वर्षांच्या डॉक्टरीत, त्यातली बावीस सरकारी नोकरीत आणि बाकीची खासगीत, हे मत अधिकाधिक घट्ट होत गेले. पण तू स्पर्धेत फक्त 'मोफत विरुद्ध पैसे' एवढेच मांडलेस तर समोरची बाजू दोन मिनिटांत तुला अडवील. कारण मोफत असे काही नसते. कोणीतरी भरतेच. कोण भरतो आणि कधी भरतो, तिथे खरा वाद आहे.

माझी नोकरी सुरू झाली ती पेडणे तालुक्याच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात, १९९० च्या दशकात. गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका जवळच. रात्री-अपरात्री बांद्याकडून, सावंतवाडीकडून रुग्ण येत. एका पावसाळी रात्री एक बाळंतीण आणली. रक्तस्राव थांबत नव्हता. घरच्यांजवळ रिक्षाचे भाडे द्यायलाही पुरेसे पैसे नव्हते. आम्ही सलाईन लावले आणि आमच्याच गाडीतून तिला गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात नेले. तिथे रात्रभर रक्त चढवले गेले, गर्भाशय वाचले, बाईही वाचली. त्या रात्री केसपेपरवर गावाचे नाव महाराष्ट्रातले लिहिले होते आणि त्याने कोणाला काही फरक पडला नाही. तिची सासू आठवड्याने काजूच्या बिया घेऊन आमच्या केंद्रात आली होती.

पुढे जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले. सिंधुदुर्गात त्यावरून मोठी नाराजी झाली, दोडामार्गात आंदोलन झाले. गोवा सरकारची बाजू खोटी नव्हती. खाटा भरलेल्या, खर्च गोव्याच्या करदात्याचा, आणि रुग्णांचा मोठा भाग शेजारच्या जिल्ह्यांचा. तरीही मला तो निर्णय पटला नाही, आजही पटत नाही. का ते शेवटाकडे सांगतो, कारण त्याचे उत्तर मला भूतानने शिकवले.

तुझ्या स्पर्धेसाठी मी एक कसोटी सुचवतो. कोणत्याही दोन शेजाऱ्यांची तुलना करायची असेल तर रुग्ण सीमा कोणत्या दिशेने ओलांडतात आणि ओलांडताना बिल कोणाच्या खिशात असते, ते बघ. आकडेवारीच्या तक्त्यातून जे कळत नाही ते यातून कळते.

आता श्रीलंका. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्याकडे हे उदाहरण सगळे देतात पण ते घडले कसे ते फारसे कोणी सांगत नाही. १९३१ साली तिथे एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्त्री-पुरुषांना मताधिकार मिळाला. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात मत द्यायला मालमत्तेसारख्या अटी होत्या. आणि लगेच १९३४-३५ मध्ये मलेरियाची भयंकर साथ आली, सुमारे ८० हजार माणसे गेली. आता ज्यांच्या गावातली माणसे मेली त्यांच्याकडेच मते मागायला जायचे होते. त्यामुळे निवडून आलेले लोक कायदेमंडळात रस्त्याइतकाच दवाखानाही मागू लागले. खेडोपाडी सरकारी दवाखाने आणि प्रसूतिगृहे उभी राहिली, आणि १९५१ मध्ये सरकारी इस्पितळातले शुल्क काढून टाकण्यात आले. देश श्रीमंत झाल्यावर हे केलेले नाही. गरीब असतानाच केले.

दुसरी गोष्ट तिथल्या सुईणीची. १९२६ मध्ये कालुतारा इथे पहिले आरोग्य युनिट सुरू झाले, आणि पुढे प्रत्येक भागाला एक वैद्यकीय आरोग्य अधिकारी, त्याच्या हाताखाली आरोग्य निरीक्षक, आणि तीन ते पाच हजार लोकांमागे एक प्रशिक्षित सार्वजनिक आरोग्य सुईण अशी घडी बसली. ती घरी जाते. गरोदर बाईचे नाव तिच्या वहीत सुरुवातीलाच येते. आज श्रीलंकेत लाख जिवंत जन्मांमागे माता-मृत्यू तिशीच्या आसपास आहेत. आपल्या देशाचा २०१८-२० चा आकडा ९७ होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला मलेरियामुक्त जाहीर केले. ज्या रोगाने हे सगळे सुरू केले तोच रोग संपला. आणि सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आतबाहेरच राहिला आहे.

समोरची बाजू इथे म्हणेल, श्रीलंकेत खासगी डॉक्टर नाहीत का? आहेत, भरपूर आहेत. सरकारी डॉक्टर संध्याकाळी खासगी प्रॅक्टिस करतात, त्याला परवानगी आहे. लोक फोन करून नंबर लावतात, त्याला तिथे डॉक्टर 'चॅनल' करणे म्हणतात. बाह्यरुग्णांपैकी जवळपास निम्मे खासगीकडे जातात. पण इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली की नव्वद टक्क्यांहून अधिक लोक सरकारी खाटेवर असतात. हा आकडा नीट लक्षात ठेव. खोकला-तापाला खिशातून दिलेल्या शंभर-दोनशे रुपयांनी घर बुडत नाही. आतड्याच्या ऑपरेशनने, अतिदक्षता विभागातल्या बारा दिवसांनी बुडते. श्रीलंकेने ती दुसरी बाजू सरकारकडे ठेवली. आपल्या देशात नेमके उलटे आहे: दाखल होणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक खासगीत जातात.

आणि श्रीलंकेचे दुखणेही सांग, लपवू नकोस. २०२२ मध्ये परकीय चलन संपले तेव्हा औषधे संपली. मार्च महिन्यात पेरादेनिया इस्पितळाला ठरलेली ऑपरेशने थांबवावी लागली. त्यानंतर डॉक्टर मोठ्या संख्येने देश सोडून गेले. सरकारी सेवा सरकारच्या तिजोरीएवढीच भक्कम असते. तिजोरी कोसळली की खाट असते, डॉक्टर असतो, पण सुईदोरा नसतो.

बांगलादेश या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे आरोग्यावरच्या दर शंभर टक्यांतले (टका हे तिथले चलन) सत्तरहून अधिक लोकांच्या खिशातून जातात. पण म्हणून 'बांगलादेश अपयशी' असे बोललीस तर चूक करशील. अतिसारावरची मीठ-साखरेच्या पाण्याची चाचणी ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत झाली. मग १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघरी फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना ते करायला शिकवले: चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. माप हाताचेच, त्यामुळे विसरायला काही नाही. १९८२ च्या औषध धोरणाने निरुपयोगी आणि घातक अशी सतराशेच्या आसपास औषधे बाजारातून काढली आणि देशी कारखाने उभे राहिले. मुले वाचण्याच्या बाबतीत हा देश बराच काळ भारताच्या पुढे होता.

म्हणजे बांगलादेशाने स्वस्तातले जीव वाचवले, महाग जीव मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडले. कर्करोग, बायपास, किडनी अशा आजारांना माणूस जमीन विकतो आणि पासपोर्ट काढतो. कोलकात्याला, वेल्लोरला, चेन्नईला येतो. कित्येक वर्षे भारतात उपचारासाठी येणाऱ्या परदेशी लोकांत सर्वांत जास्त बांगलादेशीच होते. मग ऑगस्ट २०२४ नंतर व्हिसा आटले आणि कोलकात्याच्या मुकुंदपूर भागातली इस्पितळे, लॉज, औषधांची दुकाने ओस पडू लागली. तिकडे अर्ध्या केमोथेरपीवरचे रुग्ण अडकले. शेजाऱ्याच्या खासगी इस्पितळावर स्वतःच्या देशाची आरोग्यसेवा टेकवली की असे होते. परराष्ट्र खात्यातला एक निर्णय कोणाच्या तरी कर्करोगाच्या गाठीपर्यंत येऊन पोहोचतो.

भूतानमधूनही रुग्ण याच कोलकात्याला आणि वेल्लोरला येतात. तोच रस्ता, तशीच इस्पितळे. फरक एवढाच की भूतानच्या रुग्णाला थिंपूच्या सरकारी इस्पितळाने पाठवलेले असते आणि बिल भूतानचे सरकार भरते. आठ लाखांच्या आतली लोकसंख्या. प्रत्येक शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ देशात ठेवणे परवडणारच नाही. २००८ च्या त्यांच्या राज्यघटनेत आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही पद्धतींची मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याचे कलम आहे. जे आपल्याकडे नाही ते शेजाऱ्याकडून विकत घ्यायचे, पण पैशाचा व्यवहार सरकारने करायचा, रुग्णाने फक्त बरे व्हायचे. बांगलादेशी शेतकरी आणि भूतानी शेतकरी वेल्लोरच्या एकाच बाकावर शेजारी बसलेले असू शकतात, आणि दोघांच्या घरी पुढच्या वर्षी काय शिल्लक असेल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कॅनडा-अमेरिकेचे उदाहरण तुझ्याकडून कोणीतरी मागणारच, कारण आता गोव्यात प्रत्येक वाड्यावरचे कोणी ना कोणी टोरँटोला आहे. त्यातला पहिला गैरसमज असा की कॅनडात डॉक्टर सरकारी नोकर असतात. बहुतेक नसतात. ते स्वतःचा दवाखाना चालवतात आणि बिल प्रांताच्या सरकारला पाठवतात. सुरुवात सॅस्कॅचवान या शेतकऱ्यांच्या प्रांतात झाली: टॉमी डग्लस यांच्या सरकारने १९४७ मध्ये इस्पितळाचा विमा आणला, आणि १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या फीचाही विमा लागू झाला तेव्हा तिथले डॉक्टर २३ दिवस संपावर गेले. आज त्याच देशातले डॉक्टर ती पद्धत सोडा म्हटले तर बहुतांशी नाही म्हणतील. १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून वरचे पैसे घेण्याला चाप लावला. त्यांची उणीव म्हणजे इस्पितळाबाहेरची औषधे या छत्रात सरसकट आली नाहीत, आणि रांग. गुडघा बदलायला महिनोन् महिने थांबावे लागते.

अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी विमा आला, बाकीच्यांचा विमा मालकाच्या मर्जीवर राहिला. १९८६ पासून तातडीच्या रुग्णाला इस्पितळ नाकारू शकत नाही, पण बिल मागून घरी येतेच. राष्ट्रीय उत्पन्नाचा सतरा टक्क्यांच्या आसपास भाग आरोग्यावर जातो, कॅनडात अकरा-बारा टक्के. तरी अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक लोक विम्याविना आहेत आणि सरासरी आयुर्मान कॅनडापेक्षा कमी आहे.

आता माझी कसोटी लावून बघ. २०१९ मध्ये अमेरिकेतले मधुमेही गाड्या करून कॅनडात इन्सुलिन आणायला गेले, कारण घरच्या किमतीच्या कितीतरी कमी भावात ते तिथे मिळत होते. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरँटोतच लागला होता आणि शोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी नाममात्र एका डॉलरला दिले होते. उलट दिशेचाही रस्ता आहे. मे २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने रांग लांबल्यामुळे स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना सीमेपलीकडे बेलिंगहॅमला रेडिएशनसाठी पाठवायला सुरुवात केली. खर्च प्रांताचा. समोरच्या बाजूने "बघा, कॅनडाचे रुग्ण अमेरिकेत जातात" असे म्हटले की हेच उदाहरण तू पुढे ठेव: गेले, पण बिल सरकारच्या खिशात ठेवून गेले. इन्सुलिनवाले मात्र स्वतःचे पाकीट घेऊन गेले होते.

थायलंडचे एक वाक्यात सांगतो: २००२ मध्ये तीस बाहतमध्ये उपचार ही योजना आली, तीही १९९७ च्या आर्थिक कोसळीतून देश नुकता वर येत असताना. पर्यटनावर जगणाऱ्या, परदेशी रुग्णांसाठी चकचकीत इस्पितळे बांधणाऱ्या देशालाही स्वतःच्या शेतकऱ्यासाठी वेगळी व्यवस्था उभारावी लागली, हे गोव्याने बघण्यासारखे आहे.

खासगीवर माझा राग नाही. मी तिथे बारा वर्षे काढली. तिथली स्वच्छता, वेळेवर मिळणारा रिपोर्ट, रुग्णाच्या नातेवाइकाला खुर्ची देऊन बोलणारा डॉक्टर, हे सरकारी ठिकाणी मला अनेकदा दिसले नाही आणि त्याची मला लाज वाटत असे. एका मोठ्या सरकारी इस्पितळात माझ्याच एका रुग्ण बाईला छातीतल्या गाठीच्या तपासणीसाठी इतकी पुढची तारीख मिळाली की मी स्वतःच्या ओळखीने ती अलीकडे आणली. ज्यांची ओळख नव्हती त्यांचे काय झाले असेल, हा विचार मला सोडत नाही. रांग हीसुद्धा एक किंमत आहे. ती गरीब माणूस वेळेने भरतो, कधी जिवाने भरतो. सरकारी बाजू मांडताना हे मान्य केलेस तर तुझे म्हणणे जास्त खरे वाटेल.

पण खासगीत मी जे पाहिले ते याहून वाईट होते. एका मच्छीमाराला छातीत दुखू लागले म्हणून घरच्यांनी जवळच्या खासगी इस्पितळात नेले. तिसऱ्या दिवशी त्याचा भाऊ माझ्या केबिनमध्ये आला आणि विचारू लागला की होडी विकली तर किती दिवस निघतील. मी डॉक्टर होतो आणि माझ्याकडे होडीचा भाव विचारला जात होता. तो महिना संपल्यावर मी पुन्हा सरकारी कामाकडे वळलो.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे ती इथे. १८४२ मध्ये पोर्तुगिजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेपासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत आपल्याकडे मोठ्या आजारासाठी सरकारी दार कायम उघडे राहिले. म्हापशाचे आझिलो, मडगावचे हॉस्पिसियो ही नावे आजही आपल्या तोंडी आहेत. आता तिथे जिल्हा इस्पितळे झाली. हृदयविकाराच्या झटक्यासाठी जी 'स्टेमी' योजना चालते ती मला सगळ्यांत आवडते. काणकोणच्या किंवा वाळपईच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो बांबोळीतल्या हृदयरोगतज्ज्ञाला दिसतो, आणि गुठळी विरघळवणारे, बाहेर हजारो रुपयांना मिळणारे इंजेक्शन तिथल्या तिथे मोफत देतात. कोणतेही एकटे खासगी इस्पितळ हे करू शकत नाही. त्याला गावोगावी केंद्रे लागतात आणि ती सगळी एकाच हाताखाली लागतात.

२०१६ पासूनची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही तुझ्या भाषणात येऊ दे. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाखांचे संरक्षण, पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्यांना. गरजूला तिचा आधार मिळतो, मी स्वतः कितीतरी कार्डे भरून घ्यायला मदत केली आहे. तरी विमा म्हणजे आरोग्यसेवा असे कोणी म्हणाले तर मान्य करू नकोस. विमा ऑपरेशनचे पैसे देतो. सत्तरी तालुक्यातल्या पाड्यावर जाऊन गरोदर बाईचा रक्तदाब मोजणारी परिचारिका विम्यातून उभी राहत नाही. २०१८ ची केंद्राची पाच लाखांची योजनाही दाखल होण्यापुरतीच आहे, आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरची फी यातच कुटुंबाचा खिसा दरमहा झिजतो. देशाच्या हिशेबात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. घसरण मोठी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. पण शंभरातले चाळीस अजून घरातूनच जातात.

आता पत्रादेवीच्या नाक्याकडे परत येतो. सिंधुदुर्गाचा रुग्ण गोमेकॉत आला तर खर्च होतो, हे खरे. तो कोणीतरी द्यायला हवा, हेही खरे. पण तो हिशेब पणजी आणि मुंबईने वर्षअखेरीस कागदावर करावा, जसा थिंपू कोलकात्याशी करते, जसा ब्रिटिश कोलंबियाने बेलिंगहॅमशी केला. काउंटरवर उभ्या असलेल्या, हातात एक्स-रेचा लिफाफा धरलेल्या माणसाशी तो करू नये. दोन देशांना जे जमते ते एकाच देशातल्या दोन राज्यांना जमायला काय हरकत आहे? आता सिंधुदुर्गातही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, काही वर्षांनी ओघ कमी होईल. पण तोवरची माणसे आजच आजारी आहेत.

स्पर्धेत तुला विचारतील, एवढे पैसे आणायचे कुठून. श्रीलंकेचे १९५१ सांग, सॅस्कॅचवानचे १९४७ सांग. दोघेही तेव्हा श्रीमंत नव्हते.

आणि स्पर्धेआधी एक सकाळ मोकळी ठेव. सात वाजता बांबोळीला जा, ओपीडीबाहेरच्या गाड्यांच्या नंबरप्लेटी वाच. जीए असतीलच, सिंधुदुर्गाचा एमएच ०७ मोज, कारवारचा केए ३० मोज. मग एखाद्या एमएच ०७ वाल्याला नम्रपणे विचार: काका, घरून किती वाजता निघालात, गाडीचे किती झाले, आणि आजचा खर्च कोण करणार आहे?